धबधब्यासमोरचे रिकामे हात

परवा इंडियन स्टोअरच्या काउंटरवर हिरव्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या आणि मला स्टेट कॉलेज गावातला तो स्टुडिओ आठवला, जिथे शिकता शिकता मी व्हिडिओ स्विचर, म्हणजे कॅमेऱ्यांची चित्रं बदलायचं-मिसळायचं यंत्र, चालवायचो. आई पहिल्यांदाच अमेरिकेत आली होती, बाबांच्या हृदयाला प्रवास झेपणार नव्हता, आणि बर्फामुळे तिला नायगारा दाखवायचं राहिलं होतं. म्हणून एका दुपारी लाल साडीतल्या आईला हिरव्या पडद्यासमोर उभं केलं, स्विचरवर चित्रातला हिरवा रंग पुसून टाकला, आणि पडद्याच्या जागी धबधबा कोसळू लागला. "अगंबाई!" म्हणत तिने हात जोडले, तर मॉनिटरवर बांगड्यांच्या जागीही पाणीच, पंजे मनगटापासून तुटल्यासारखे. "आई, बांगड्या काढ, हिरवं सगळं गायब होतं." "रिकामे हात नकोत रे." "पाचच मिनिटं, प्लीज." तिने पदराचा एक दोरा ओढून मनगटाला बांधला, मग साबण लावून एकेक बांगडी उतरवली. सुजलेल्या हातांत त्या पुन्हा चढेनात, म्हणून रुमालात बांधून पर्समध्ये ठेवल्या. ते दृश्य रेकॉर्ड करून पाठवलेली सीडी पुण्याला पोचल्यावर बाबांचा फोन आला, "हिच्या हातात बांगड्या का नाहीत?" मी हौसेने सगळं तंत्र समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "कळलं. पण आधी तिला बांगड्या भरून आण." मी हसून "बघतो" म्हणालो. तीन आठवड्यांनी बाबा गेले. पुण्याला निघालो तेव्हा विमानात आईने मनगटावरचा दोरा स्वतःच तोडला आणि तो रुमाल माझ्या हातात दिला. इतकी वर्षं झाली, अजून मला त्याची गाठ सोडवत नाही.