चांदीच्या बदल्यात काय

मिनिआपोलिसच्या एका संग्रहालयात व्हायकिंगांचा, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दींचा, पुरलेला खजिना मांडला होता. ईडन प्रेरीतल्या आमच्या मराठी शाळेची सहल तिकडे निघाली. रविवारी मोठ्या मुलांचा वर्ग मी घ्यायचे, म्हणून मराठी माहितीपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं.

बगदाद, समरकंदकडची चांदीची नाणी स्वीडनच्या शेतांत सापडली आहेत. त्यांच्यावर सुरीच्या खुणा असतात. चांदी खरी की खोटी, ते टोचून बघायचे. मालाच्या बाबतीत फार सावध लोक. पण एवढी चांदी आली कशाच्या बदल्यात? मी लिहिलं : धरून आणलेली माणसं, जनावरांची कातडी, मध.

शाळा चालवणाऱ्या काकांनी मसुदा वाचून फोन केला. निवृत्त हार्ट सर्जन.

"छान लिहिलंयस गं. फक्त ते माणसांचं डिलीट करतो."

"काका, त्याच हॉलमध्ये गुलामांच्या बेड्या ठेवल्यात. मुलं विचारतील."

"नाही विचारत. आणि आपण ट्रेड दाखवायला नेतोय, रडवायला नाही."

जन्मभर लोकांच्या छात्या उघडून पाहिलेल्या माणसाला एक शब्द बघवत नव्हता.

सहलीच्या सकाळी बसमध्ये छापील पत्रकांचा गठ्ठा माझ्या हातात आला. 'कातडी, मध व इतर माल.' इतर माल. आणि खाली लेखिका म्हणून माझं नाव.

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची पत्रकं काढायचे. छापखान्याने चूक केली की आम्ही सगळे जमिनीवर बसून एकेक प्रत पेनाने दुरुस्त करायचो. चुकीचं पत्रक आमच्या घराबाहेर पडत नसे. मी मागच्या सीटवर बसले आणि प्रत्येक प्रतीवर 'इतर माल' खोडून 'धरून आणलेली माणसं' लिहिलं.

संग्रहालयाच्या दारात मी ती वाटू लागले. काकांनी एक उचलून पाहिलं.

"हा निव्वळ हट्ट आहे. पुढच्या रविवारपासून येऊ नकोस. तुझा वर्ग काकू घेतील."

"बरं. उरलेली वाटून होऊ देत."

बेड्यांच्या काचेपुढे माझ्या वर्गातली एक मुलगी थांबली. माझं अक्षर तिने लावून लावून वाचलं. एक बेडी फारच लहान होती.

"किड्स टू?"

"हो," मी म्हणाले. "मुलंही."

ती सरळ काकांकडे गेली आणि तोच प्रश्न त्यांना विचारला. काका नाण्यांकडे बघत राहिले.