दातांसाठी आलेली लेक

धाकटीचा वरचा पुढचा दात तुटला तो परदेशात, कामाच्या मधल्या सुट्टीत, टणक पावाचा तुकडा चावताना. शेजारचा आधीच किडलेला होता. तोही महिन्याभरात ठणकायला लागला. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात ती तेरा वर्षं चादरींच्या घड्या घालत होती. दात तुटल्यापासून ती ओठ मिटून हसायला शिकली. बोलताना हात आपोआप तोंडावर जाई. बरोबरच्या बायकांना वाटलं, हिला आता शिंगं फुटली.

तिथल्या दंतवैद्याने खर्चाचा कागद हातात ठेवला तेव्हा तिला घामच फुटला.

"वेडी आहेस का?" इस्त्रीवरची मैत्रीण म्हणाली. "घरी जाऊन कर की. विमानाचं तिकीट धरूनही निम्म्यात होईल."

धाकटीने फोनवर शोधाशोध केली. आईच्या घरापासून दोन गल्ल्यांवरच एक दवाखाना निघाला. तिने तुटक्या दाताचे फोटो पाठवले, गावातला नंबर म्हणून आईचा लिहून दिला, तारखा ठरवल्या, तिकीट काढलं आणि मग सगळ्यात शेवटी आईला फोन केला.

"आई, तुझी फार आठवण येतेय गं. दोन आठवडे येते."

"ये की," आई म्हणाली.

फोन ठेवल्यावर धाकटीचे कान तापले. दोन वर्षांपूर्वी आई जिन्यावरून पडली होती. मनगट मोडलं, दीड महिना हात गळ्यात. तेव्हा हिने 'रजाच मिळत नाही' असं सांगितलं होतं. खरं म्हणजे तिने रजा मागितलीच नव्हती. दातासाठी मात्र मागितली, आणि साहेबांनी एका शब्दात दिली.

ती घरी पोचली तोवर आईने चारही मजल्यांवर बातमी पोचवली होती. समोरच्या काकू तर दारातच उभ्या.

"खास आईला भेटायला आलीस ना? नाहीतर आमचे चिरंजीव! शेजारच्या गावात राहतात, पण सवड नाही."

धाकटी ओठ मिटून हसली. काकूंना तो लाजराबुजरा स्वभाव वाटला असावा.

दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता तिने जमेल तेवढ्या सहजपणे विषय काढला. "आलेच आहे, तर हे दातही दाखवून घेते म्हणते."

"घे की दाखवून," आई म्हणाली. "मी येते बरोबर."

डॉक्टरीणबाईंचा हात हलका होता. एका दाताचं रूट कॅनाल सुरू झालं, दुसऱ्याची कीड काढली, दोन्हींवर कॅप बसवायची ठरली. अर्धं तोंड बधिर झालेलं, गळ्यात कागदी रुमाल, अशी धाकटी बाहेर आली तेव्हा टेबलामागची मुलगी आईशी गप्पा मारत होती.

"आजी, तुम्हीच का त्या? आपण फोनवर बोललो होतो ना! ताईंचा तिकडचा नंबर लागेना, म्हणून तारीख पक्की करायला तुम्हाला फोन केला होता."

"हो हो," आई म्हणाली आणि लगबगीने पिशवी उचलली.

रस्त्यावर धाकटीने बधिर ओठांनी कसेबसे शब्द जुळवले. "तुला आधीच माहीत होतं?"

"तुझ्या फोनच्या दोन दिवस आधी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? आणि काकूंना काय सांगू, दाताला आलीय म्हणून?"

धाकटीला रडू आलं, पण धड रडताही येईना. अर्धा ओठ लोंबत होता, तोंडातून लाळ गळत होती. आईने पदराने ती टिपली आणि म्हणाली, "चल, ऊन लागतंय."

पुढचे दहा दिवस आई काकूंना, दूधवाल्याला, वाण्याला तेच सांगत राहिली. माझ्यासाठी आली. प्रत्येक वेळी धाकटीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होई. निघायच्या आदल्या दिवशी काकू जिन्यात भेटल्या. "अशी लेक असावी," त्या म्हणाल्या, आणि धाकटीच्याने राहवेना.

"काकू, मी आईसाठी नाही आले. दातांसाठी आले. तिकडे परवडत नाही."

काकू "अस्सं" म्हणाल्या आणि खाली उतरल्या. धाकटीला एकदम हलकं वाटलं. वर येऊन तिने आईला सांगूनही टाकलं.

आई भांडी पुसत होती. हातातलं पातेलं तिने ओट्यावर ठेवलं. "तुला कुणी विचारलं होतं?"

"मला खोटं बोलवेना गं."

"तुला हलकं वाटलं. मी उद्या त्या जिन्यातून कोणत्या तोंडानं उतरू?"

आपण आईचं काय हिसकावून घेतलं ते धाकटीला त्या क्षणी कळलं, आणि ते परत ठेवायला जागा नव्हती. सकाळी आईने तिची बॅग भरून दिली, पण टॅक्सीपर्यंत खाली आली नाही.

पुढच्या वर्षी धाकटीने साहेबांकडे तीन आठवडे मागितले. दातांचं काहीच काम नव्हतं. आईने या वेळी कुणालाच सांगितलं नव्हतं. बॅग ओढत ती जिना चढत होती, तर काकू समोर.

"काय गं, या खेपेला कुठला?"

वर आई दार उघडून उभी होती. आईला भेटायला आले, हे धाकटीच्या अगदी ओठांवर आलं. पण तेच शब्द आपण एकदा वापरून बसलोय, आता त्यांवर कोण विश्वास ठेवणार?

"अक्कलदाढ, काकू," ती म्हणाली.

"फार दुखते हो ती," काकू कळवळून म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

आई दारातून बाजूला सरकली. तिचा चेहरा धाकटीला नीट वाचता आला नाही.

"ये आत," आई म्हणाली. "आधी हातपाय धू."