पत्र्यावरचा टिळा

माझ्या शिक्षणात ज्यांचे उपकार सर्वांत मोठे, ते माझे शिक्षक नव्हते. ते होते जळगावच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमधले मिस्तरी. सगळं कॉलेज त्यांना आबा म्हणायचं. शिक्षण सातवीपर्यंत. कॉलेजात लागण्याआधी त्यांनी वीस वर्षं डाळ मिलमध्ये पंखे बसवले होते, आणि नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचे.

मी साक्रीकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. नव्वदच्या आसपास मी पदव्युत्तर शिक्षणासाठी तिथे राहिलो, तेव्हा माझ्या मार्गदर्शक सरांनी विषय दिला तो वाऱ्याचा. गुळगुळीत पत्र्यावरून वारा वाहतो तेव्हा पत्र्याला टेकलेली हवा हलत नाही. तिच्यावरची थोडी सरकते, तिच्यावरची आणखी जास्त, आणि बोटभर वर गेलं की वारा पूर्ण वेगाने वाहतो. हा मधला थर सुरुवातीला शिस्तीत असतो. पुढे कुठेतरी तो मोडतो, त्यात भोवरे उठतात आणि तो झपाट्याने जाड होतो. तो कुठे मोडतो आणि मोडल्यावर किती जाड होतो, हे मला मोजायचं होतं.

पुस्तकातलं हे मला पाठ होतं, पण डोळ्यांपुढे येत नव्हतं. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, यात नवीन ते काय? "पंखा दिनभर फिरस, तरी पातावर धूय बसस." सगळी टरफलं उडवून लावणारं पातं स्वतःच्या अंगावरची धूळ उडवू शकत नाही, हे त्यांनी फडकं हातात घेऊन वीस वर्षं पाहिलं होतं. त्या दिवशी माझा विषय मला खरा वाटला.

वाऱ्याचा बोगदा आम्ही दोघांनी बांधला. विकत आणायचा तर कॉलेजला झेपला नसता. प्लायवूडची लांब पेटी, एका बाजूला काचेची खिडकी, आत उभा बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. वारा सरळ यावा म्हणून ठिबकच्या नळीचे वीतभर लांबीचे शेकडो तुकडे चिकटवून तोंडाशी मधाच्या पोळ्यासारखी चौकट केली. पंखा एका बंद पडलेल्या मिलमधला. आबांनी त्याची पाती तासून, तोलून त्याला नवा जन्म दिला. वेग मोजायला इंजेक्शनची सुई, तिचं टोक दाबून चपटं केलेलं. एका स्क्रूने ती सुई केसाएवढी केसाएवढी पत्र्यापासून दूर न्यायची, आणि सुईच्या तोंडात शिरणाऱ्या वाऱ्याच्या दाबाने, तिला जोडलेल्या तिरप्या काचनळीतला द्रव किती चढला ते लिहायचं.

रीडिंग मी सकाळी सहाला घ्यायचो. आठनंतर आसपासचे कारखाने सुरू झाले की व्होल्टेज खाली-वर व्हायचं. आबा पिंप्राळ्याहून सायकलने यायचे, पंखा सुरू करायचे, पेटीला हात लावून थोडा वेळ उभे राहायचे आणि मान हलवली की मी वही उघडायचो. दीड वर्षात त्या वहीत एकही आकडा असा नव्हता की जो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला नाही. मला माझ्या कामाचा अभिमान होता, आणि तो चुकीचा नव्हता.

मग दसरा आला. आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा असायची. आबांनी लेथला, ड्रिलला, पंख्याच्या मोटरीला हार घातले. टिळा लावायची त्यांची एक पद्धत होती, तो नेहमी बाहेरच्या कवचावर. "जे फिरस त्याले कुकू लावू नको," ते मला म्हणाले. फिरत्या भागावर चिमूटभर वजन वाढलं तरी तोल जातो, एवढंच त्यांचं म्हणणं. मी ते ऐकलं. पण आमच्या घरी पेरणीआधी पाभरीला टिळा लागतो, बैलांना लागतो, आणि माझी पाभर म्हणजे तो पत्रा होता. पत्रा तर फिरत नाही. पेटीचं तोंड साफसफाईसाठी उघडंच होतं. मी आत हात घालून पत्र्याच्या पुढच्या कडेला, जिथे वारा आधी लागतो तिथे, बरोबर मध्यावर, ओल्या कुंकवाचं बोट लावलं आणि वर अक्षता चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसूनही काढलं. पुसलं असं मला वाटलं.

त्यानंतरचे आकडे बिघडले. त्याच ठिकाणी, त्याच वेगाला थर जवळजवळ दीडपट जाड निघत होता. मी आठ दिवस तपासलं. सुई बदलली, नळ्या बदलल्या, काचनळी धुतली. प्रबंध द्यायला दोन महिने उरले होते. दसऱ्याआधीचे आणि नंतरचे आकडे जुळत नव्हते, म्हणजे दीड वर्षातला कुठला आकडा खरा, तेच मला सांगता येत नव्हतं. उरला होता फक्त पंखा. मी सरांकडे गेलो आणि आबांच्या समोर म्हणालो की पंखा खराब झाला आहे, मिलचा जुना पंखा अशा कामाला चालत नाही.

आबांनी पंखा उतरवला, त्याचा दांडा दोन धारदार पट्ट्यांवर ठेवला आणि बोटाने ढकलला. तो थांबला. पुन्हा ढकलला, वेगळ्याच जागी थांबला. जड बाजू असती तर प्रत्येक वेळी तीच खाली आली असती. आबांनी हात पुसले.

"पंखामा काहीच नही शे, भाऊ. तू दुसरीकडे देख."

मी दुसरीकडे पाहिलं नाही. महिनाअखेरीला आबा निवृत्त झाले. टॉवेल-टोपी, नारळ, चहा-समोसे झाले. भाषणात सरांनी सहज सांगून टाकलं की बोगद्याला आता नवा पंखा मागवतो आहोत. आबांनी टोपी नीट केली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. दोन दिवसांनी ते धुळे जिल्ह्यातल्या आपल्या गावी निघून गेले. मी स्टँडवर पोचवायलाही गेलो नाही.

दिवाळीनंतर नवा पंखा येईपर्यंत रिकामा बसवेना, म्हणून मी सुई मध्यरेषेवरून चार बोटं बाजूला सरकवली. तिथे जुने आकडे मिळाले, जसेच्या तसे. दुसऱ्या बाजूलाही तेच. पंखा बिघडला असता तर सगळीकडे बिघडलं असतं. इथे बिघाडाचा फक्त एक पट्टा होता. मी सुई वारा येतो त्या कडेकडे नेत गेलो तसा तो पट्टा अरुंद होत गेला, आणि वहीत रेघा ओढल्या तर त्या पत्र्याच्या पुढच्या कडेवर एका बिंदूत मिळाल्या. तो बिंदू कोणता, हे मला पेटी उघडण्याआधीच कळलं. कडेवर तांदळाचा अर्धा दाणा होता, तांबूस, घट्ट चिकटलेला. त्याला अडखळून शांत थर तिथेच मोडत होता आणि भोवरे मागे पसरत होते. मी तो नखाने काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दसऱ्याआधीचे आकडे परत आले.

सरांना सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, हे प्रबंधात लिही.

"तांदळाचा दाणा?"

"अर्धा दाणा. आणि तो कुणी चिकटवला, तेही."

प्रबंधात ते पाऊण पान झालं. पुढे अनेक वर्षं मी हेच काम केलं, पण त्या पानाइतकं भक्कम माझं दुसरं कुठलंच पान नाही, असं मी आजही म्हणतो. मात्र ते लिहायच्या आधी मी एक पत्र लिहिलं. त्याची नक्कल रीडिंगच्या वहीत शेवटच्या पानावर आहे.

"आबा, पाया पडतो आणि आधी मुद्द्याचे सांगतो. पंख्यात दोष नव्हता. तुम्ही फिरणाऱ्या भागाला कुंकू लावू नको म्हणाला होतात. पत्रा फिरत नाही म्हणून मी त्याला लावले. पण पत्र्यावरून वारा फिरतो, हे ज्याला सर्वांत आधी कळायला हवे होते तो मीच होतो. अक्षतेचा अर्धा दाणा राहिला होता. तो काढला आणि सगळे आकडे जुळले. दीड वर्षातला एकही आकडा खोटा नाही, कारण पंखा तुमच्या हातचा आहे. मी सरांसमोर बोललो ते चूक होते. म्हणून सरांसमोरच, वर्कशॉपमध्ये सगळ्यांना बोलावून, ते परत घेतले आहे. नवा पंखा मागवणे रद्द झाले. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार आहेत, त्यांना प्रयोग चालू स्थितीत दाखवायचा आहे. त्या दिवशी पंखा तुम्ही सुरू करावा. तुम्ही पेटीला हात लावून मान हलवल्याशिवाय मी वही उघडणार नाही. आदल्या दिवशी मी तुम्हाला घ्यायला येतो."