गुडघ्यावर मोडलेलं हँडल

आमच्या नाक्यावरचा सायकलवाला माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाही, सायकलकडे बघून बोलतो. वाकलेलं हँडल कुणी सरळ करायला आणलं, तर हा ते भंगारात टाकतो आणि नवं घ्यायला लावतो. मला तो लबाडच वाटायचा.

एकदा आमच्या ह्यांच्या सायकलचा ब्रेक लागेना, म्हणून मी ती ढकलत त्याच्याकडे नेली. त्याने ब्रेक राहू दिला आणि हँडलची रबरी मूठ ओढून काढली. आतून लाल भुगा पडला.

"काकी, हँडल बदला. खाऱ्या वाऱ्याने खाल्लंय."

"वरून चकचकीत आहे की! नवं खपवतोस होय रे?"

"काका ह्याच्यावरून समुद्राकडचा आरे-वारेचा उतार उतरतात ना?"

"उतरतात. ऐकतात कुणाचं?"

त्याने हँडल सोडवलं, गुडघ्यावर धरून दाबलं. सुक्या फांदीसारखं काटकन मोडलं.

"आता भांडा," तो चाकाला म्हणाला.

मी नवं हँडल बसवून घेतलं, ब्रेकही लावून घेतला आणि जुन्याचे तुकडे घेऊन घरी आले. तुकडे बघून हे ओरडले, "माझं हँडल कुणी मोडलं?"

त्याचं नाव सांगितलं असतं, तर हे त्याच्या अंगावर गेले असते.

"मी मोडलं," म्हटलं. "गुडघ्यावर."

तेव्हापासून हे माझ्या गुडघ्याकडे बघून बोलतात.