दाबाबापोची मातृभाषा

मंगळवार, २३ ऑक्टोबर १९५६, सकाळचे साडेदहा. हैदराबाद राज्य नऊ दिवसांत तिघांत वाटले जाणार होते आणि त्याबरोबर आमचा सरकारी वाद्यवृंदही. वाटणी मातृभाषेप्रमाणे होती: मराठी माणसे मुंबई राज्यात, कानडी म्हैसुरात, तेलुगू इथेच. मी दिवसा पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. करीत असे आणि संध्याकाळी सिकंदराबादला या वाद्यवृंदात जॅझ गात असे. वडिलांची बदली औरंगाबादला झाली होती. गाण्याची जागा टिकली तर वसतिगृहात राहा, नाही तर आमच्याबरोबर चल, असे त्यांनी सांगितले होते. मला राहायचे होते.

गायकाची वाटणी त्याच्या गाण्याच्या भाषेवरून व्हायची, म्हणून प्रश्न माझ्या पहिल्या स्वरचित गाण्याचा होता. ते आमच्या विद्यानगरच्या घरातल्या बांधाबांधीवर होते: ‘सगळं मावलं ट्रंकेत, झाकण का लागेना.’ एका तालमीत मी दुसरे कडवे विसरले. आमचे अँग्लो-इंडियन पियानोवादक, ज्यांना सगळे अंकल म्हणत, थांबले नाहीत, म्हणून ‘दाबाबापो, दाबाबारा’ अशी तोंडाला येतील ती अक्षरे मी भरली. गाण्याचा तोच भाग सर्वांना आवडू लागला. मी एका श्वासातली ओळ प्रयोगशाळेतले दाबायचे घड्याळ, म्हणजे स्टॉपवॉच, लावून मोजत असे. कडव्यात सात सेकंद, दाबाबापोमध्ये नऊ. दोष फुप्फुसांचा असावा, असे गृहीतक मांडून मी प्रयोगशाळेत पाण्याच्या बरणीत फुंकून पाहिले. फुप्फुसे निर्दोष निघाली.

वाटणीच्या अधिकाऱ्यांनी मला टेबलापुढे उभे करून गायला लावले. पियानो कानडी रायचूरच्या निधीतून घेतलेला असल्यामुळे म्हैसूरला गेला होता. अंकल टेबलावर बोटांनी ठेका देत होते. त्यांची मातृभाषा इंग्रजी आणि तिला राज्य नाही, म्हणून त्यांचे नाव दोन कपाटांसह ‘निर्णय प्रलंबित’मध्ये होते.

“ये बीच में क्या बोलरे बेटा आप? कौनसी ज़बान है?” अधिकाऱ्यांनी विचारले.

“कौनसी भी नहीं, साहब.”

“कौनसी भी नहीं बोले तो फारम में उसका खानाच नहीं.”

मग तिन्ही भाषांचे परीक्षक बोलावले गेले. तेलुगू पंतुलुगारूंच्या मते ‘पो’ म्हणजे जा. ही मुलगी आम्हाला आमच्याच गावातून घालवते आहे. कानडी मास्तर म्हणाले की ‘बा’ म्हणजे ये. उलट ती अगत्याने बोलावते आहे. मराठीच्या गुरुजींनी अक्षरे कागदावर उतरवून त्यांची फोड केली.

“दाबा,” ते म्हणाले. “आज्ञार्थ, अनेकवचन. काय दाबायचे, ते मात्र अध्याहृत आहे.”

दुपारपर्यंत निकाल लागला. कडवी निर्विवाद मराठी, सबब ती मुंबई राज्याची. मधल्या भागावर तिघांचा दावा, सबब तो आहे तिथेच, हैदराबादेत राहील, आणि तो दुसऱ्या कोणाला गाता येत नसल्यामुळे मीही राहीन. अट एकच: मुंबई राज्याची मालमत्ता मी इथे गायची नाही. पुढे ज्याला लोक माझी शैली म्हणू लागले, ती अशी मंजूर झाली.

एकतीस तारखेला संध्याकाळी अखंड वाद्यवृंदाचा अखेरचा कार्यक्रम होता. आईवडील दुसऱ्या दिवशी निघणार होते. पडद्यामागे मी श्वास मोजायला आईच्या हाती घड्याळ दिले आणि अधिकाऱ्यांची नवी अट सांगितली.

“महिनाभर आमचं डोकं खाऊन लिहिलंस,” आई म्हणाली. “मग शब्द कुठं गेले?”

“ते तुमच्याबरोबर औरंगाबादला येताहेत.”

“ट्रंकेत जागा नाही,” ती म्हणाली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

अंकलनी उसन्या पेटीवर सूर धरला. मी सुरुवात केली आणि ओळीच्या मध्यावर माझ्या लक्षात आले की आजवर मी श्वास संपला म्हणून थांबत नव्हते. अर्थ संपला म्हणून थांबत होते. इथे अर्थ नव्हता. थांबण्याचे कारणच उरले नव्हते.

कार्यक्रमानंतर मी घड्याळ मागितले. कधी दाबलेस, असे विचारले.

“तू दाबा म्हणालीस तेव्हा,” आई म्हणाली. “मग तू श्वास घेईनास, तेव्हा मीही घेतला नाही. शेवटी मलाच राहवेना, म्हणून बंद केलं.”

तिच्यासमोरच मी नोंद केली: सतरा सेकंद, अधिक-उणे आई.