कागद फिरत नाही
कॉम्प्युटरवर चित्र काढायचं सॉफ्टवेअर सोपं करावं की नाही, असा वाद परवा भाच्यानं घरात काढला. त्याचं म्हणणं, ते अवघड आहे म्हणून तर शिकलेल्याला किंमत आहे. माझं डोकंच फिरलं. लाटणं खाली ठेवून मी त्याला चांगलं ऐकवलं, आणि तरी मनातलं जाईना म्हणून लिहायला बसले.

बिदरजवळ कोळारच्या इंडस्ट्रियल एरियात तूरडाळीच्या पिशव्या छापायचा एक कारखाना होता. मी तिथं चित्रं काढायची. हजेरीपटावर मात्र 'हेल्पर'. पिशवीवर गिरणीचा जो छाप लागतो, नंदी म्हणा, कळस म्हणा, तो मी ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं काढायची आणि त्यावरून छपाई व्हायची. हात बसला होता कोहिनूर गावी, माहेरच्या अंगणात, रांगोळी काढून. रांगोळी काढताना बाई चित्राभोवती फिरते. टेबलाभोवती फिरायला जागा नव्हती, म्हणून मी कागद फिरवायची. मनगट एकाच बाजूला सफाईनं वळतं, मग रेघ जिकडं हवी तिकडं कागद न्यायचा. हातानं चित्र काढणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच करतो.

मग कॉम्प्युटर आला. त्याच्यासोबत हैदराबादला कोर्स करून आलेला उदगीरचा एक डिझायनर आला. मालक मला म्हणाले, "अक्का, महिनाभर ह्याच्याजवळ बस. जमलं तर टेबल तुझंच. न्हाई जमलं तर पॅकिंगला जा."

मी बसले. डाव्या बाजूला बारकी बारकी चित्रं, वर इंग्रजीत नावं, प्रत्येक नावाखाली आणखी दहा नावं. काळा बाण वेगळा, पांढरा बाण वेगळा. कामून वेगळा, ते विचारलं तर डिझायनर म्हणाला, "तसंच हाय ते." मी सगळं पाठ केलं. त्याची तक्रार नाही. ब्रश धरायलासुद्धा मला वर्षं लागली होती आणि तेव्हा मी कुणाच्या नावानं बोटं मोडली नव्हती.

महिन्याच्या शेवटी काम आलं मोराचं. पिसारा फुललेला. पहिलं पीस काढलं, दुसरं काढलं, तिसऱ्याला मनगट अडलं. मी विचारलं, "कागद कसा फिरवायचा?"

"चित्र फिरवता येतंय अक्का. कागद न्हाई फिरत."

"चित्र कशाला फिरवू? मोर काय आडवा पाडू?"

"एक पीस काढा, त्याच्या कॉप्या करा आन् गोल लावा. झाला मोर."

त्यानं करून दाखवलं. सगळी पिसं एकसारखी, पंख्याच्या पात्यांसारखी. मी म्हटलं, मला हातानं काढायचाय. तो हसला. तुम्ही शिकलेल्या न्हाईत म्हणून तुम्हाला अवघड जायलंय, म्हणाला. मी त्याच्या आधी कितीतरी वर्षं चित्रं काढत होते आणि हा कालचा पोरगा मला अडाणी ठरवत होता!

तो चहाला गेला. मी उठले आणि तो भला थोरला मॉनिटर दोन्ही हातांनी उचलून टेबलावर कुशीवर निजवला. खाली पिशव्यांचा गठ्ठा लावला. माऊस सरळ धरला तर बाण भलतीकडं पळू लागला, मग मी माऊसही तसाच आडवा धरला. आणि जमलं की! कोपऱ्यात रंग जांभळट झाले होते, पण रेघ मनासारखी येत होती. तीन पिसं काढली, एकही दुसऱ्यासारखं नाही. चौथ्यासाठी मॉनिटर थोडा तिरका हवा होता. तो सरकवताना मागची वायर ताणली गेली, कॉम्प्युटर बंद पडला आणि जपून न ठेवलेलं सगळं काम गेलं.

नेमके मालक दारात उभे होते.

"मशीन कामून निजवलीस? काय खूळ लागलंय का तुला?"

मी सांगायचा प्रयत्न केला. कागद फिरायला पाहिजे अण्णा, एवढंच. डिझायनरही परत आला होता. दोघं हसले. सोमवारपासून मी पॅकिंगला गेले, पिशव्यांची तोंडं गरम पट्टीवर चिकटवायला. छाप त्या पंख्याच्या पात्यांच्या मोराचाच लागला.

काही वर्षांनी डिझायनरनं मला धावत येऊन बोलावलं. सॉफ्टवेअर नवीन आलं होतं. "अक्का, हे बघा. आता कागद फिरायलाय." खरंच फिरत होता, वाटेल तेवढा. पिसासारखी रेघ काढायला माऊसच्या जागी पेनही आलं होतं. तो म्हणाला, "कंपनीवाल्यांनी काय डोकं चालवलंय बघा!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं तेव्हा ते खूळ होतं. तेच कुणीतरी दूर बसून म्हटलं तर ते डोकं! मी सोपं मागितलं नव्हतं. चित्र काढणं अवघडच असतं, ते असू द्या. पण अवघडपणा चित्रात असावा. नसलेली वाट शोधण्यात माणसाचा जीव का घालवायचा? बनवणाऱ्यांनी एकदा एखादी बाई रांगोळी काढताना पाहिली असती तर पुरे होतं.

डिझायनरनं खुर्ची दिली. बोटांची टोकं पट्टीनं भाजून निबर झाली होती, पेन हातात आहे की नाही तेही धड कळत नव्हतं. तरी कागद फिरवत फिरवत अख्खा पिसारा काढला. मालक मागं येऊन उभे राहिले होते. "भारी जमलंय की गं," म्हणाले. मग घड्याळाकडं पाहिलं आणि विचारलं, "पॅकिंगला कोण हाय आता?"

मी म्हणायला पाहिजे होतं, कुणी का असेना, हे टेबल माझं आहे. त्यांचा राग येतो तो येतोच. पण सगळ्यात जास्त राग माझा मला येतो, कारण मी "मी हाय" म्हटलं आणि उठले.