स्टेअरिंगची हवा काढताना

पडेगावात बन्सी मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे घरापुढचं पत्र्याचं शेड. त्याने कधी गडी ठेवला नाही. पॉवर स्टेअरिंगचे पाइप बदलले की आत राहिलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. तेव्हा बायको मनकर्णाबाई हातातली भाकरी टाकून यायची, गाडीत बसायची आणि बन्सी सांगेल तसं स्टेअरिंग फिरवायची. तो बोनेटखाली वाकून तेलाच्या डबीतले बुडबुडे बघायचा.

आठ महिन्यांपूर्वी सुनेच्या बाळंतपणासाठी ती पुण्याला मुलाकडे गेली. "दोन महिन्यांत येते," म्हणाली होती. बन्सीने पुढे विचारलंच नाही. विचारलं आणि ती नाही म्हणाली तर?

आज गारखेड्याच्या अतुल मास्तरांची जुनी गाडी आली होती. दोन्ही पाइप गळके. बन्सीने नवे बसवले, तेल भरलं, पुढची चाकं जॅकवर उचलली. स्टेअरिंग फिरवायचं, उतरायचं, डबीत बघायचं, परत चढायचं. पाचव्या खेपेला गुडघे दुखायला लागले. मग त्याने मनकर्णाबाईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन डबीसमोर टेकवून स्वतः गाडीत बसला.

"दिसतंय का?"

"दिसतंय. डबी तरी पुसायची! लई घाण हाय."

"पुसणारी पुण्यात जाऊन बसली."

"बसली नाय, पोरगी खेळवतीय. फिरवा डावीकडं."

बन्सी हसला. बऱ्याच दिवसांनी.

"बुडबुडे?"

"लई. आता उजवीकडं. सावकाश, टोकाला दाबून धरू नका. तुम्हीच सांगायचात ना?"

त्याने इंजिन सुरू केलं. पंप आधी कण्हला, मग हळूहळू शांत झाला. स्टेअरिंग एका बोटाने फिरू लागलं. हवा निघाली, हे बन्सीच्या हाताला कळलं.

"गेले का?" त्याने तरी विचारलं.

"नाय. थोडे हायेत अजून."

त्याने आणखी चार वेळा फिरवलं. ती तेच म्हणाली. शेवटी त्याने इंजिन बंद केलं आणि आठ महिने गिळलेलं बोलून टाकलं.

"मनकर्णे, येतीस कधी?"

फोनमधून नातीच्या, छोट्या श्रेयाच्या खुळखुळ्याचा आवाज आला. मग मनकर्णाबाई म्हणाली, "सूनबाई सोमवारपासून कामावर चाललीय. हिला कोण बघंल?"

"व्हय. ते पण खरंच."

शेडचा पत्रा उन्हाने कडकड वाजत होता.

"थांबलात का?" ती म्हणाली. "फिरवा ना. दिसत्यात मला बुडबुडे."

बन्सीने पुन्हा चावी फिरवली आणि स्टेअरिंग डावीकडे नेलं.